पृथ्वीचे छायाचित्र : एका दुय्यम कामाचा इतिहास

अवकाशातून घेतलेली पृथ्वीची छायाचित्रे आज पाठ्यपुस्तकांपासून बँकांच्या दिनदर्शिकांपर्यंत सर्वत्र आढळतात, आणि त्यामुळे असे छायाचित्र घेणे हा अवकाशयुगाच्या आरंभापासूनच कोणत्या ना कोणत्या मोहिमेचा घोषित हेतू असला पाहिजे, असा समज सहज होतो. नोंदी तपासल्या की तो टिकत नाही. १९४६ नंतरच्या सुमारे सत्तर वर्षांत जी छायाचित्रे जगप्रसिद्ध झाली, त्यांतील बहुतेक इतर कामांसाठी पाठवलेल्या यंत्रांनी, त्या कामांतून सवड काढून, क्वचित वरिष्ठांची नाराजी पत्करून घेतलेली आहेत. अग्निबाण वैश्विक किरणांच्या मोजणीसाठी उडाला होता, कॅमेरा चंद्रावर उतरण्याजोगी सपाट जागा शोधायला गेला होता, यान नेपच्यूनला मागे टाकून पुढे निघाले होते. पृथ्वीकडे पाहणे हाच ज्यांचा नित्याचा व्यवसाय होता, असा या काळातला एक मोठा वर्ग म्हणजे हवामानशास्त्रज्ञांचा. आणि त्यांच्या उपग्रहांनी काढलेल्या लक्षावधी चित्रांपैकी फारच थोडी कोणाच्या भिंतीवर लागली. पृथ्वीच्या छायाचित्रणाचा इतिहास सहसा पहिल्या प्रकारच्या चित्रांपुरताच सांगितला जातो, आणि तिथेच तो लंगडा पडतो.

पृथ्वीची वक्रता दाखवणारे अगदी सुरुवातीचे एक छायाचित्र अग्निबाणातून नव्हे, तर बलूनमधून घेतले गेले. ११ नोव्हेंबर १९३५ रोजी अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यातून सोडलेले ‘एक्स्प्लोरर २’ हे बलून सुमारे २२ किलोमीटर उंचीवर पोहोचले, आणि त्यातील अल्बर्ट स्टीव्हन्स यांच्या कॅमेऱ्यात क्षितिजाची रेषा किंचित वाकलेली उमटली. त्यापुढची मजल दुसऱ्या महायुद्धाने घडवली. जर्मनीकडून हस्तगत केलेले व्ही-२ अग्निबाण अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील व्हाइट सँड्स येथे आणले, आणि ज्या शस्त्राने लंडनवर मारा केला होता त्याच्या टोकाशी स्फोटकांऐवजी शास्त्रीय उपकरणे बसवून वरच्या वातावरणाचा अभ्यास सुरू केला. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी उडालेल्या अशा एका अग्निबाणात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील अभियंते क्लाइड हॉलिडे यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा, दर दीड सेकंदाला एक चित्र घेणारा, चलच्चित्राचा कॅमेरा बसवला होता. अग्निबाण सुमारे १०५ किलोमीटर उंची गाठून परत फिरला. त्याला अलगद खाली उतरवण्याची कोणतीही सोय नव्हती. तो दगडासारखा वाळवंटात आदळला, कॅमेऱ्याचा चुरा झाला, मात्र फिल्मची डबी पोलादी असल्याने शाबूत राहिली. शोधपथकाने ती उचलून आणली, फिल्म धुतली, आणि पडद्यावर ढगांचे पुंजके, काळे आकाश आणि त्या दोहोंच्या मधली वक्र कड प्रथमच एकत्र दिसली. चित्र करडे आहे, कणीदार आहे, आणि त्यात एखादा भूप्रदेश ओळखायचा तर नकाशा शेजारी ठेवावा लागतो. तरीही १९५० पर्यंत व्ही-२ अग्निबाणांनी अशी हजाराहून अधिक चित्रे आणली आणि त्यांवर आधारित हॉलिडे यांचा लेख त्याच वर्षी ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात छापून आला.

या चित्रांचा पहिला खरा उपयोग योगायोगाने कळला. ५ ऑक्टोबर १९५४ रोजी व्हाइट सँड्सवरूनच सोडलेल्या अॅरोबी नावाच्या लहान अग्निबाणातील फिल्म तपासताना, टेक्सासमधील डेल रिओ गावाच्या परिसरात एक उष्णकटिबंधीय वादळ घोंघावत असल्याचे दिसले, आणि गंमत अशी की, जमिनीवरील वेधशाळांच्या जाळ्याला त्याचा पत्ता नव्हता. अनेक चौकटी एकमेकींना जोडून तयार केलेल्या त्या चित्रात ढगांच्या वर्तुळाकार पट्ट्या स्पष्ट होत्या. वादळाचा केंद्रबिंदू, विस्तार आणि दिशा ठरवण्यासाठी तोवर जहाजांचे संदेश, किनाऱ्यावरील वायुभारमापक आणि विमानांच्या धाडसी फेऱ्या यांवर अवलंबून राहणाऱ्या हवामानशास्त्राला वरून पाहण्याची किंमत या एका चित्राने पटवून दिली.

त्यातूनच पहिला हवामान उपग्रह आकाराला आला. १ एप्रिल १९६० रोजी सोडलेल्या टायरॉस-१ या उपग्रहावर फिल्म नव्हती. त्याच्यावर दूरचित्रवाणीच्या पद्धतीचे दोन कॅमेरे होते, आणि त्यांत व्हिडिकॉन नावाची नळी वापरलेली होती. व्हिडिकॉन म्हणजे अशी निर्वात नळी की जिच्या प्रकाशसंवेदी पृष्ठभागावर पडलेले चित्र विद्युतभाराच्या रूपात क्षणभर टिकते आणि इलेक्ट्रॉनचा बारीक झोत त्यावरून एकेक ओळ फिरवून ते विद्युतसंकेतात वाचून घेतो. जमिनीवरचे केंद्र टप्प्याबाहेर असले तर संकेत चुंबकीय फितीवर साठवून ठेवायचे आणि केंद्र आले की पाठवायचे, अशी योजना होती. उपग्रह अवघे ७८ दिवस चालला, पण तेवढ्यात त्याने सुमारे तेवीस हजार चित्रे पाठवली.

या टप्प्यावर मुंबईचा संबंध येतो. १९६०च्या सुमारास सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा एक भाग म्हणून १९६३ मध्ये कुलाबा येथे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र स्थापन झाले, आणि मान्सूनचे अभ्यासक कॉलिन रॅमेज यांच्या नेतृत्वाखाली तिथे जहाजे, विमाने व किनारी केंद्रे यांच्याकडून येणाऱ्या नोंदी एकत्र करून नकाशे तयार होऊ लागले. त्याच सुमारास स्वयंचलित चित्रप्रेषण ही नवी सोय उपलब्ध झाली होती. तिच्यात उपग्रह आपले चित्र साठवून न ठेवता संथ गतीने सतत खाली पाठवत असे, आणि साधी अँटेना व फॅक्सच्या पद्धतीने कागदावर ओळी उमटवणारे यंत्र असलेले जगातील कोणतेही केंद्र, उपग्रह डोक्यावरून जात असताना, ते उतरवून घेऊ शकत असे. अमेरिकेकडून चित्र मागवण्याची, पर्यायाने त्याची वाट पाहण्याची, गरज उरली नव्हती. अरबी समुद्रावरील ढगांचे चित्र अशा रीतीने मुंबईत थेट उतरू लागले. १८४१ पासून चुंबकत्व आणि हवामान यांच्या नोंदी सुरू झालेल्या कुलाबा वेधशाळेच्या परिसरात समुद्राची वरची बाजू प्रथमच कागदावर पाहायला मिळाली, ही घटना महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठ्या जागेस पात्र आहे. वेधशाळेच्या अंदाजाची थट्टा करण्याची मराठी माणसाची जुनी हौस पाहता, तिच्याकडे तसे दुर्लक्ष होणे फारसे आश्चर्याचेही नाही.

चंद्राच्या शर्यतीत मात्र पृथ्वी हा लक्ष विचलित करणारा विषय मानला जात होता. १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत नासाने ‘लूनर ऑर्बिटर’ मालिकेतील पाच याने चंद्राभोवती पाठवली. अपोलोचे अंतराळवीर उतरू शकतील अशा जागांचे नकाशे तयार करणे हा त्यांचा मुख्य हेतू होता, आणि त्यासाठी ईस्टमन कोडॅक कंपनीने तयार केलेली छायाचित्रणाची व्यवस्था हेरगिरीच्या उपग्रहांसाठी विकसित झालेल्या तंत्रावर आधारलेली होती. ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. यानात एक ८० मिलिमीटरचे व एक ६१० मिलिमीटरचे, अशी दोन भिंगे होती आणि दोन्ही चित्रे ७० मिलिमीटर रुंदीच्या एकाच फिल्मवर उमटत. फिल्म मुद्दाम मंद, म्हणजे कमी संवेदनशील, निवडलेली होती, कारण वेगवान फिल्म अवकाशातील किरणोत्साराने काळवंडली असती; आणि मंद फिल्मला अधिक वेळ प्रकाश लागत असल्याने, यान वेगाने पुढे सरकत असताना चित्र फरफटू नये म्हणून फिल्म त्याच वेगाने हलवणारी यंत्रणाही जोडलेली होती. डार्करूम यानाच्या आतच होती. वजनरहित अवस्थेत रसायनांचे द्रव सांभाळणे अवघड म्हणून कोडॅकने बायमॅट ही पद्धत वापरली. तिच्यात रसायनांनी ओलावलेली एक पट्टी उमटलेल्या फिल्मवर टीपकागदासारखी दाबली जाई आणि सुमारे साडेतीन मिनिटांत निगेटिव्ह तयार होई. नंतर ती सुकवून, प्रकाशाचा केसाहूनही बारीक ठिपका तिच्यावरून आडवा-उभा फिरवून, प्रत्येक बिंदूची गडदता रेडिओसंकेतात बदलून पृथ्वीकडे पाठवली जाई. जमिनीवर हे संकेत पुन्हा ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या अरुंद पट्ट्यांवर उमटवून त्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या, की चित्र पुरे होई. त्या काळच्या चंद्राच्या छायाचित्रांत खिडकीच्या पडद्यासारख्या ज्या रेषा दिसतात त्या या पट्ट्यांच्या सांध्यांच्या आहेत.

ऑगस्ट १९६६ मध्ये पहिले यान चंद्राभोवती फिरत असताना त्याचा कॅमेरा क्षितिजाकडे वळवून चंद्राच्या कडेवरून पृथ्वीचे एक चित्र घ्यावे, अशी सूचना पुढे आली. यानाचे उत्पादक असलेल्या बोईंग कंपनीच्या व्यवस्थापनाने आक्षेप घेतला. आक्षेप वाजवी होता, कारण कॅमेरा वळवायचा म्हणजे सबंध यान वळवायचे, त्या हालचालीत ते पुन्हा योग्य स्थितीत आले नाही तर सगळी मोहीम बुडायची, आणि कंपनीला मिळणारे बक्षीस मोहिमेच्या यशावर अवलंबून होते. नासाने जोखमीची जबाबदारी स्वतःकडे घेतल्यावर कंपनी राजी झाली आणि २३ ऑगस्ट १९६६ रोजी, सोळाव्या प्रदक्षिणेत, ते चित्र घेतले गेले. खाली चंद्राचा खडबडीत पृष्ठभाग आणि वर अर्धी प्रकाशित पृथ्वी असलेले हे कृष्णधवल छायाचित्र चंद्राच्या परिसरातून घेतलेले पृथ्वीचे पहिले छायाचित्र होय. त्याची मूळ नोंद चुंबकीय फितींवर होती, आणि त्या काळी जगापुढे आलेली प्रत मूळ नोंदीच्या मानाने बरीच पुसट होती. पंधराशेच्या आसपास फिती, तसेच त्या वाचू शकणारी अॅम्पेक्स कंपनीची कपाटाएवढी यंत्रे, नासाच्या एक अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांच्या चिकाटीमुळे वाचली. यंत्रे तर कित्येक वर्षे त्यांच्या घरच्या गॅरेजमध्ये पडून होती. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राच्या आवारात, बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्स उपाहारगृहाच्या जागेत, एका लहान गटाने ती दुरुस्त केली आणि पृथ्वीचे तेच चित्र बेचाळीस वर्षांनी त्याच्या मूळ स्पष्टतेने जगापुढे ठेवले. अवकाशातील छायाचित्रांचे जतन ही त्यांच्या निर्मितीइतकीच गंभीर बाब आहे, पण तिच्यासाठी अंदाजपत्रकात सहसा तरतूद नसते.

संपूर्ण पृथ्वी एकाच चौकटीत, रंगांसह दाखवण्याच्या कामात हवामान उपग्रहांच्या परंपरेचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे श्रेय विस्कॉन्सिन विद्यापीठातील व्हर्नर सुओमी व त्यांचे सहकारी रॉबर्ट पॅरेंट यांच्या एका साध्या पण विलक्षण युक्तीला द्यावे लागते. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी जुळवून घेतो आणि एकाच जागेवर टांगल्यासारखा दिसतो. या कक्षेला भूस्थिर कक्षा म्हणतात. त्या काळचे असे उपग्रह स्थिर राहावेत म्हणून स्वतःभोवती मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्या घेत, आणि गरगरणाऱ्या वस्तूवर कॅमेरा बसवणे ही अडचण मानली जाई. सुओमी यांनी त्या गरगरण्यालाच कामाला लावले. उपग्रहाच्या प्रत्येक फेरीत एक लहान दुर्बीण पृथ्वीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक रेष वाचून काढी, पुढच्या फेरीत ती किंचित कलून त्याखालची रेष वाची, आणि वीस-पंचवीस मिनिटांत उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतचे चित्र पुरे होई. डिसेंबर १९६६ मध्ये सोडलेल्या एटीएस-१ ने कृष्णधवल चित्रे दिली; १० नोव्हेंबर १९६७ रोजी एटीएस-३ ने पृथ्वीच्या पूर्ण बिंबाचे रंगीत चित्र दिले. योगायोग असा, की संपूर्ण पृथ्वीचे छायाचित्र अजून का दिसले नाही, असा प्रश्न छापलेले बिल्ले स्टुअर्ट ब्रँड हे तरुण गृहस्थ १९६६ पासून कॅलिफोर्नियात विकत होते, आणि १९६८ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘होल अर्थ कॅटलॉग’च्या मुखपृष्ठावर एटीएस-३ चेच चित्र झळकले. सुओमींना मात्र बिंबाच्या सौंदर्यापेक्षा अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांमध्ये ढग किती सरकला, यात रस होता, कारण त्यावरून समुद्रावरील वाऱ्याचा वेग काढता येत असे.

२४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी घेतलेले, पुढे ‘अर्थराइज’ या नावाने गाजलेले छायाचित्र, लूनर ऑर्बिटरच्या चित्रानंतर दोन वर्षांनी आले. तरी लोकस्मृतीत पहिले स्थान त्यालाच मिळाले, आणि त्याचे कारण रंग हेच असावे. यानातील छायाचित्रणाचे वेळापत्रक चंद्रावरील विवरे आणि संभाव्य अवतरणस्थळे यांनी भरलेले होते. पहिल्या तीन प्रदक्षिणांत खिडक्यांचा रोख असा होता, की चंद्रामागून बाहेर पडणारी पृथ्वी कोणाच्या नजरेस पडली नाही. चौथ्या फेरीत कमांडर फ्रँक बोरमन यांनी यान स्वतःच्या अक्षाभोवती फिरवायला घेतले, आणि चंद्राच्या कडेवर ती अकस्मात दिसली. अँडर्स यांच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यात त्या क्षणी कृष्णधवल फिल्म होती. त्यांनी तिच्यावर एक चित्र घेतले, सहकारी जिम लोव्हेल यांच्याकडे घाईने रंगीत फिल्मची डबी मागितली, आणि २५० मिलिमीटरच्या भिंगातून ते प्रसिद्ध चित्र टिपले. पहिले कृष्णधवल चित्र बोरमन यांनी घेतले, असे दीर्घकाळ मानले जात होते. पुढे यानातील संभाषणाची ध्वनिफीत आणि लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने मोजलेली चंद्रावरील उंचसखलता यांचा मेळ घालून २०१३ मध्ये संशोधकांनी सर्व चित्रे अँडर्स यांचीच असल्याचे दाखवले.

या चित्राबाबत आणखी दोन गोष्टी नमूद करायला हव्यात. अँडर्स यांच्या दृष्टीने चंद्राचे क्षितिज चित्रात उभे होते आणि पृथ्वी त्याच्या डाव्या बाजूला होती. छापताना चित्र नव्वद अंशांनी फिरवले गेले, म्हणजे ‘उगवण्या’चा भास संपादकाच्या टेबलावर पक्का झाला. दुसरे असे, की चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असल्यामुळे तिथे उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी उगवताना दिसतच नाही; ती आकाशात जवळजवळ एकाच जागी कलांनी बदलत राहते. उगवण दिसते ती प्रदक्षिणा घालणाऱ्या यानातूनच.

अपोलो १७ च्या यानातून ७ डिसेंबर १९७२ रोजी, उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी आणि पृथ्वीपासून सुमारे २९ हजार किलोमीटर अंतरावर, घेतलेले ‘ब्लू मार्बल’ हे चित्र बहुधा मानवी इतिहासात सर्वाधिक वेळा छापले गेलेले छायाचित्र आहे. त्यात पृथ्वीचे बिंब पूर्ण प्रकाशित आहे याचे कारण खगोलीय होते: अपोलो मालिकेतील हे एकमेव रात्रीचे उड्डाण होते, आणि त्याच्या मार्गामुळे चित्राच्या वेळी सूर्य यानाच्या पाठीशी आला. डिसेंबर असल्याने दक्षिण गोलार्धात उन्हाळा होता आणि अंटार्क्टिकाचा हिमखंड उजेडात न्हाऊन निघाला होता. कॅमेरा कोणाच्या हातात होता, याचा निकाल लागलेला नाही. नासा तिन्ही अंतराळवीरांना श्रेय देते, बहुतेक अभ्यासकांचा कौल हॅरिसन श्मिट यांच्याकडे आहे. मूळ चौकटीत दक्षिण ध्रुव वर आहे. उत्तर वर असण्याची नकाशाची सवय मोडू नये म्हणून प्रसिद्धीसाठी हेही चित्र उलटे केले गेले.

छापील चित्राच्या वरच्या उजव्या कडेजवळ, जिथे भारताचा दक्षिण भाग बिंबाच्या काठाशी येतो, तिथे ढगांचे एक वर्तुळ आहे. ते त्या आठवड्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कडलूरच्या परिसरात धडकलेले चक्रीवादळ आहे. त्याने घरे पाडली, पूर आणला, माणसे मारली. त्याच महिन्यात महाराष्ट्रात बहात्तरच्या दुष्काळाचा सर्वांत कठीण काळ सुरू होत होता आणि लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. सीमा पुसून टाकणारे, एकसंध मानवजातीचे चित्र म्हणून पाश्चात्त्य पर्यावरण चळवळीने ज्याला डोक्यावर घेतले, त्या छायाचित्रात एक संकट प्रत्यक्ष उमटलेले आहे आणि दुसरे ढगांच्या अभावाने लपलेले आहे. पण ते तसे वाचले गेले नाही. एवढ्या दुरून पृथ्वी सुंदर दिसते, आणि सौंदर्य हीच त्या चित्राची मर्यादा होती, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

भारताला स्वतःच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रे मिळायला आणखी अकरा वर्षे लागली. इन्सॅट-१ए हा पहिला उपग्रह १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर या अवकाशयानातून सोडलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला. दूरसंचार, दूरचित्रवाणी आणि हवामान ही तिन्ही कामे एकाच उपग्रहाकडे सोपवलेली होती. त्यावरील उपकरण दृश्य प्रकाशात पावणेतीन किलोमीटर आणि अवरक्त किरणांत अकरा किलोमीटर इतका बारकावा दाखवी. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या रूपात जाणवणारे अदृश्य किरण टिपल्याने दोन गोष्टी साधत: रात्रीही चित्र मिळे, आणि ढगाच्या माथ्याचे तापमान कळे. ढग जितका उंच तितका त्याचा माथा थंड, आणि थंड भाग चित्रात पांढरा दाखवण्याचा संकेत असल्याने, सर्वांत पांढरा डाग म्हणजे सर्वांत उंच, सर्वांत जोरदार पावसाचा ढग, असे सर्वसाधारण वाचन करता येते. दूरदर्शनच्या बातम्यांच्या शेवटी दिसणारे, भारताच्या सीमारेषा वरून काढलेले ते करडे चित्र हेच भारतातील कोट्यवधी लोकांनी पाहिलेले पहिले अवकाशचित्र असावे. त्याला कोणी नाव दिले नाही.

अमेरिकेत याच काळात पृथ्वीच्या एका चित्रासाठी दीर्घ वाद चालला होता. व्हॉयेजर १ या यानाचा कॅमेरा एकदा मागे वळवून पृथ्वीचे चित्र घ्यावे, ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी मांडली. त्या अंतरावरून शास्त्रीय माहिती काही मिळणार नव्हती, सूर्याच्या जवळ रोखल्याने कॅमेरा जळण्याची भीती होती, आणि चित्रांची आखणी करणारे कर्मचारी मोहीम संपताच दुसऱ्या कामांवर जाणार होते. अखेर नासाच्या प्रमुखांनी हस्तक्षेप केल्यावर १४ फेब्रुवारी १९९० रोजी यानाने सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून साठ चौकटी घेतल्या. पृथ्वीचे बिंब चित्राच्या एका पिक्सेलचा जेमतेम आठवा भाग व्यापत होते, आणि ते नेमके कॅमेऱ्यात विखुरलेल्या सूर्यप्रकाशाच्या एका तिरप्या पट्ट्यात सापडले. पट्टा खरा नाही. तो कॅमेऱ्यात विखुरलेल्या प्रकाशाचा परिणाम आहे. तरी त्याच्यावाचून या चित्राने मनाचा इतका ठाव घेतला असता का, याविषयी शंका आहे. शेवटचे चित्र घेऊन झाल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास कॅमेरे कायमचे बंद करण्यात आले, आणि चौकटी खाली उतरायला मे महिना उजाडला.

केवळ पृथ्वीचे बिंब सतत दाखवण्यासाठीच एक यान असावे, अशी योजना या इतिहासात एकदाच पुढे आली. १९९८ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर यांनी ती मांडली आणि ट्रियाना या नावाचे यान बांधलेही गेले. ते जिथे ठेवायचे होते तिथे, म्हणजे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर, दोघांच्या गुरुत्वाकर्षणाचा असा तोल साधणारा एक बिंदू आहे, की तिथे ठेवलेले यान पृथ्वीसोबतच सूर्याभोवती फिरत राहते आणि त्याला पृथ्वीची नेहमी उजेडातलीच बाजू दिसते. राजकीय वाद झाला, खर्चाला उधळपट्टी म्हटले गेले, आणि २००१ मध्ये यान पेटीत घालून गोदामात ठेवण्यात आले. ते बाहेर निघाले ते सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहाच्या, पूर्वसूचनेसाठी; ‘डिस्कव्हर’ असे नवे नाव घेऊन फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उडाले आणि पृथ्वीचे छायाचित्रण पुन्हा एकदा दुय्यम काम ठरले. त्याचा कॅमेरा तांबडे, हिरवे आणि निळे चित्र वेगवेगळे घेतो आणि ती जमिनीवर एकत्र केली जातात. जुलै २०१५ मध्ये चंद्र पृथ्वीसमोरून सरकत असतानाच्या चित्रांत त्याच्या कडेला हिरवी किनार दिसते, कारण तीन चित्रांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात चंद्र पुढे गेलेला असतो. दरम्यान ‘ब्लू मार्बल’ याच नावाने २००२ पासून नासाने प्रसिद्ध केलेली चित्रे तर एका क्षणाची नाहीतच. ती कित्येक महिन्यांच्या उपग्रहनोंदींतून ढगविरहित तुकडे निवडून, जोडून, वर ढग वेगळे बसवून तयार केलेली आहेत.

हवामानाच्या चित्रांचा हिशेब वेगळ्या मापाने करावा लागतो, आणि तो सरळ चढता नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानवर, म्हणजे आजच्या बांगलादेशावर, आलेले चक्रीवादळ अमेरिकी उपग्रहाने टिपले होते. तरी तीन लाखांहून अधिक माणसे मेली, कारण चित्र आणि खाडीतला मच्छीमार यांच्यामध्ये सूचना पोहोचवणारी व्यवस्था नव्हती. १९९९ मध्ये ओडिशाच्या महावादळाच्या वेळी इन्सॅटची चित्रे उपलब्ध होती, तरी सुमारे दहा हजार बळी गेले. त्यानंतर निवारे बांधले गेले, गावपातळीवर सूचनेची साखळी उभी राहिली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे तीव्र वादळ गोपाळपूरजवळ धडकले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवलेले होते. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

त्यानंतर महिनाभरानेच, १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, मंगळाकडे निघण्यापूर्वी पृथ्वीभोवती फिरत असलेल्या मंगळयानाने सुमारे ६८ हजार किलोमीटर उंचीवरून कॅमेऱ्याची चाचणी म्हणून भारतीय उपखंडाचे रंगीत चित्र घेतले. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात तयार झालेल्या त्या कॅमेऱ्याने बंगालच्या उपसागरातील हेलन हे चक्रीवादळही टिपले. चित्र देशभर गाजले. वादळ तीन दिवसांनी आंध्रच्या किनाऱ्यावर मछलीपट्टणजवळ पोहोचले. त्याचा मागोवा हवामान खात्याने मंगळयानाच्या चित्रावरून नव्हे, तर नेहमीप्रमाणे हवामान उपग्रहांच्या दर अर्ध्या तासाच्या करड्या चित्रांवरून ठेवला होता.